अ‍ॅबनरचं मधलं नाव

"रविकांत?" नर्सनं दारातून हाक मारली आणि नेहमीप्रमाणे मी उठले.

रविकांतला जाऊन सहा वर्षं झाली. पण कॅनडातल्या ग्वेल्फच्या ह्या क्लिनिकमध्ये दर तीन-चार महिन्यांनी त्याच्या नावाचा पुकारा होतो आणि त्याच्या बदली मी आत जाते. माझ्या हेल्थ कार्डावर शीला रविकांत पांढरीपांडे असं छापलेलं आहे. पांढरीपांडे म्हणायला गेलं की इथल्या भल्याभल्यांची जीभ अडखळते. शीला म्हणावं तर त्या नावाची एखादी गोरी म्हातारी आधीच खुर्चीत बसलेली असते आणि दोघी एकदम उठतो. म्हणून बिचाऱ्यांनी मधला शब्द उचलला. पहिली दोन वर्षं दुसऱ्यांदा पुकारल्याशिवाय मी त्या हाकेला उठत नसे. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर अलीकडे बरंही वाटायचं. नागपूर सुटल्यावर माझ्या नवऱ्याला इतक्या मोठ्यानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी नुसता फ्लू शॉट होता. नर्स नवीन, केटलिन नावाची, गालावर तीळ आणि बोलण्याची हौस. दंडाला कापूस लावत ती म्हणाली, "किती छान नाव आहे, रविकांत. तुमच्या आईकडचं का?" मी म्हटलं, आईकडचं कसं असेल? तर म्हणाली, "मिडल नेम ना, म्हणून विचारलं. माझं फ्रेझर आहे. आईचं लग्नाआधीचं आडनाव. आमच्या घरात सगळ्यांचं असंच, माझ्या आजोबांचंही होतं. फार जुनी पद्धत आहे. आईचं नाव तेवढ्यापुरतं तरी राहतं." एवढं बोलून तिनं सुई टोचली. मला ती टोचलेली कळलीच नाही. मी बाही खाली ओढली, जॅकेट हातातच धरलं आणि बाहेर येऊन बस स्टॉपवर उभी राहिले. वारा चांगलाच बोचरा होता. डोक्यात एकच शब्द घुमत होता, कोल्बी. अ‍ॅबनर कोल्बी रँडल. शीले, मी स्वतःला म्हटलं, तू काय करून बसलीस?

डोरीन माझी शेजारीण. एक्क्याण्णव वर्षांची. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण आणि एक मेपलचं झाड आहे, आणि त्याची पानं कुणी गोळा करायची ह्यावरून आमची चोवीस वर्षं गोडीगुलाबीची भांडणं आहेत. तिच्याशी मी इंग्रजीत बोलते, पण मनातल्या मनात तिला अगंतुगंच करते. रविकांत गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी ती एक भलंमोठं कॅसरोल घेऊन आली. त्यात चिकन होतं. मी खात नाही म्हटल्यावर ते परत घेऊन गेली आणि तासाभरात पातेलंभर उकडलेले बटाटे आणून ठेवले, मीठसुद्धा न घातलेले. त्या बटाट्यांवर मी तीन दिवस काढले. अशा बाईनं काही मागितलं तर नाही कसं म्हणायचं? आणि तिनं एकच गोष्ट मागितली होती, तीही दोन वर्षांपूर्वी, लाँग टर्म केअरच्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाच्या, वेटिंग लिस्टवर तिनं नाव घातलं त्या आठवड्यात. तिच्याकडे एक गोधडी आहे. ती तिला क्विल्ट म्हणते, पण आहे गोधडीच. तिच्या खालच्या काठावर ओळीनं चौकोनी तुकडे शिवलेले आहेत आणि प्रत्येकावर तिच्या वडिलांच्या घराण्यातल्या एकेका आईचं नाव दोऱ्यानं भरलेलं आहे. उजवीकडे आयरीन, म्हणजे डोरीनची आई. मग एडिथ, आजी. मग हॅरिएट, पणजी, अ‍ॅबनरची बायको. आणि हॅरिएटच्या डावीकडे एक कोरा पांढरा तुकडा. तो अ‍ॅबनरच्या आईचा. अ‍ॅबनर अमेरिकेतल्या व्हरमाँटमधून तरुणपणी इकडे आला, आणि येताना आईबद्दल काही घेऊन आला नाही. "तिचं काहीच आमच्यापर्यंत आलेलं नाही," डोरीन म्हणाली होती. "एक चमचासुद्धा नाही. मी जायच्या आत तेवढं नाव मला शोधून दे. माझ्यानंतर विचारणारं कुणी नाही."

मी फुशारले. सतरा वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढलेली बाई मी, कागद माझं ऐकतात असा माझा समज. शिवाय आपण कुळ-गोत्रवाली माणसं, वंशावळ आपल्याला कुणी शिकवायची? अ‍ॅबनरच्या लग्नाची नोंद पहिल्या महिन्यातच सापडली. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या एका पाद्र्याची वही, तिच्यात फक्त दोघांची नावं आणि तारीख. अ‍ॅबनर कोल्बी रँडल, हॅरिएट, अठराशे एकोणसत्तर. आईबापांचा रकानाच नाही. पण मला तो हवाच कशाला होता? पूर्ण नाव समोर होतं. अ‍ॅबनर मुलाचं, कोल्बी बापाचं, रँडल आडनाव. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डोरीनला विचारलं तर तीही म्हणाली की कोल्बी घराण्यात चालतच आलंय, वडिलांच्या नावात होतं, आजोबांच्या नावात होतं, तिच्या स्वतःच्याही आहे. झालं, मूळपुरुषाचं नाव पुढं चालवलं, आपल्यासारखंच. मी व्हरमाँटमधले सगळे रँडल चाळले आणि अठराशे पन्नासच्या जनगणनेत मला कोल्बी रँडल मिळाला. वय अडतीस, शेतकरी, बायको लुसिंडा, पाच मुलं, शेवटचा अ‍ॅबनर, वय तीन. मी लायब्ररीत खुर्चीवरून उठून टाळी वाजवली होती. दोन वर्षांचा आणखी एक अ‍ॅबनर रँडल दोन गावं पलीकडे होता, जोनास रँडलच्या घरात. तो मी बाजूला सारला. त्याच्या बापाचं नाव जोनास होतं ना. एवढं सरळ होतं ते.

लुसिंडाचं नाव डोरीननं मागच्या हिवाळ्यात भरलं. तिची बोटं सुजून आल्याच्या कांड्यांसारखी झालेली आहेत. दिवसाला एक अक्षरही होत नसे, कधी अर्धंच. निळा दोरा. सात अक्षरांना पाच आठवडे लागले, आणि ते झाल्यावर तिनं सुयांचा डबा मला देऊन टाकला. तेव्हापासून लुसिंडा आमच्यात राहायलाच आली. बर्फ पडला की डोरीन म्हणायची, लुसिंडा विहिरीवर कशी जात असेल. आरशात बघून म्हणायची, हे नाक लुसिंडाचं. येत्या सोमवारी ती केअर होममध्ये जाणार होती. खोलीत मावेल तेवढंच न्यायचं, म्हणून घरातलं सगळं वाटून टाकलेलं, फक्त गोधडी भिंतीवर लावायची होती, पलंगावरून दिसेल अशी. आणि आज गुरुवार होता.

बस आली. मी घराच्या स्टॉपवर उतरले नाही, डाउनटाउनच्या लायब्ररीत गेले. माझी नेहमीची खिडकीजवळची जागा रिकामी होती. चुकीचं निघू दे, चुकीचं निघू दे, असं म्हणतच मी बसले, म्हणजे मला माझी शंका चुकीची निघायला हवी होती. आधी कोल्बी रँडलच्या अ‍ॅबनरच्या मागे गेले. दोन वर्षांपूर्वी तो तीन वर्षांचा सापडला एवढ्यावर मी थांबले होते, पुढं पाहिलंच नव्हतं. हॉस्पिटलात कुणी असं काम केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. अठराशे साठात तो तेरा वर्षांचा, आईबापांजवळ. सत्तरात नाही. आणि गावच्या दफनांच्या यादीत होता. अ‍ॅबनर, कोल्बी आणि लुसिंडाचा मुलगा, अठराशे बासष्ट, वय पंधरा. ज्यानं हॅरिएटशी लग्न केलं, ज्याच्या वंशात डोरीन जन्मली, तो हा पोरगा नव्हताच. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर हात ठेवला, तिथली लायब्ररियन माझ्याकडे बघतेय हे कळत असूनही. सात महिने आम्ही त्या बाईला मुलगा मोठा झाल्याचं सुख देऊन ठेवलं होतं.

मग मी लग्नांच्या यादीत रँडल आणि कोल्बी ही दोन आडनावं एकत्र टाकली. एकच ओळ आली. जोनास रँडल आणि मेहिटेबल कोल्बी, बारा नोव्हेंबर अठराशे शेहेचाळीस. मेहिटेबल. हे नाव मी तीनदा ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, माझ्या नागपुरी जिभेला ते काही केल्या वळेना. टाउन क्लार्कच्या वहीचा फोटो उघडला. तपकिरी शाई, बारीक तिरकं अक्षर, आणि त्यात ती. दफनांच्या यादीत पुन्हा एकदा: मेहिटेबल, जोनासची बायको, मार्च अठराशे एकोणपन्नास, वय बावीस. अ‍ॅबनर तेव्हा दीड वर्षाचा. पुढच्या वर्षी जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा घरात दुसरी बायको होती, लिडिया, आणि मला दोन वर्षांपूर्वी दिसली होती ती लिडियाच. सर्वांत शेवटी जोनासचं मृत्युपत्र मिळालं. त्यात सरळ लिहिलेलं होतं, माझा मोठा मुलगा अ‍ॅबनर सी., जो सध्या कॅनडात आहे.

इथं थांबायला हरकत नव्हती, पण मी थांबू शकले नाही. अमेरिकेच्या जनगणनेत अठराशे पन्नासच्या आधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहीत. बाकीच्यांचे नुसते आकडे. इतक्या वयाचे इतके पुरुष, इतक्या वयाच्या इतक्या बायका. मेहिटेबलचा जन्म सत्तावीसच्या आसपासचा. मी अठराशे तीसचं पान काढलं, तिच्या बापाच्या नावासमोर. पाच वर्षांच्या आतल्या मुली: एक. तो एक म्हणजे नुसती उभी रेघ, टाकाची. अठराशे चाळीस. दहा ते पंधरा वर्षांच्या मुली: एक. पुन्हा तशीच रेघ, जरा डावीकडे कललेली. तीच ती. तीन वर्षांची असताना एक रेघ आणि तेरा वर्षांची असताना एक रेघ. मग सगळ्या माणसांची नावं लिहायचं ठरलं, बायकांची, पोरांची, तान्ह्यांचीसुद्धा, आणि त्याच्या पंधरा महिने आधी ती गेली. त्या जनगणनेत वर्षभरात मेलेल्यांची वेगळी यादी होती, तिच्यात तरी असेल म्हणून पाहिलं. ती यादी जूनपासून सुरू होत होती. तीन महिन्यांनी चुकली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या रस्त्यावर बसमधून माणसं उतरत होती, एक बाई पोराची टोपी नीट करत होती, आणि मला एकदम भरून आलं. म्हणजे दुःख नव्हे ते. देवळात गाभाऱ्यासमोर गेल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. कागदांनी जिला दोन रेघांपलीकडे जागा दिली नाही, तिनं बाळाच्या नावाच्या मधोमध स्वतःचं नाव ठेवून दिलं होतं. तिनं ठेवलं की जोनासनं, की बाळंतपणाला आलेल्या तिच्या आईनं हट्ट धरला, कोण जाणे. पण ते अ‍ॅबनरबरोबर सीमा ओलांडून आलं, ऑन्टॅरिओच्या मातीत शेती केली, मुलाला दिलं गेलं, नातवाला दिलं गेलं. पावणेदोनशे वर्षं ती ह्या घरात वावरत होती आणि कुणालाच तिची चाहूल नव्हती. मी तर तिलाच पुरुष समजून तिच्या शोधात तिला ओलांडून गेले होते.

घरी आल्यावर मी ईशानीला फोन लावला. माझी मुलगी टोरोंटोला बँकेत आहे, दुपारी तिला दहा मिनिटं मिळतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, प्लीज. शी इज नाइन्टी-वन. मंडेला मूव्ह होतेय. व्हाय वुड यू डू दॅट टू हर?"

"अगं, पण चुकीचं आहे ते."

"सो? शी इज हॅपी. नोबडी विल एव्हर नो."

"मला माहीत आहे ना."

"यू अँड युअर रेकॉर्ड्स," ती म्हणाली, पण हसून.

काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "ईशू, माझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"हरदास. राइट? मामा इज हरदास."

"आणि पहिलं?"

"पहिलं म्हणजे? शीलाच ना?"

"बरं, ठेवते मी. जेवून घे."

तिचा काय दोष? मी सांगितलं असेन एखाद्या वेळी, भाजी चिरता चिरता, आणि तिनं ऐकलं असेल कानात हेडफोन घालून. मी प्रभा होते. प्रभा मोहन हरदास. तेवीस वर्षं, शाळेच्या हजेरीत, पदवीच्या कागदावर, लायब्ररीच्या कार्डावर. सासरी थोरल्या जाऊबाई आधीच प्रभा होत्या, आणि एका घरात दोन प्रभा म्हणजे रोजचा गोंधळ, म्हणून नाव बदलायचं हे बैठकीतच ठरलेलं. ताटात तांदूळ पसरले, रविकांतनं अंगठीनं शीला लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी अजिबात रडले नाही. नवं नाव मला आवडलंसुद्धा, सिनेमातल्या मुलीसारखं वाटलं. रविकांतनं त्या रात्री विचारलं, तुला वाईट नाही ना वाटलं? मी म्हटलं, छे. आणि खरोखर त्रेचाळीस वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं, ह्या गुरुवारपर्यंत. आता दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून पाहिली. प्रभा मोहन हरदास. शीला रविकांत पांढरीपांडे. तीनपैकी एकही शब्द पुढं आलेला नव्हता. ईशानी रविकांत पांढरीपांडे. तिच्यातही नाही. मेहिटेबलनं जे बाविशीच्या आत साधलं ते मला सहासष्टाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं. आणि कुळ-गोत्राचा तोरा मी कुणाला दाखवत होते? रविकांतच्या पहिल्या श्राद्धाला गुरुजी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होते. त्याची आई, आजी, पणजी अशी नावं त्यांनी मागितली. पणजीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणाले, नसेल आठवत तर गंगा म्हणा, चालतं. आम्ही गंगा म्हटलं आणि पुढं गेलो.

शुक्रवार मी घाबरून घालवला. डोरीन खिडकीतून हात हलवत होती, मी पडद्याआड. ईशानीचं खरं असेल असं दहादा वाटलं. घर सोडायच्या तीन दिवस आधी म्हातारीच्या हातातून तिची माणसं काढून घ्यायची, आणि वर पाच आठवड्यांची अक्षरं उसवायची, हा कसला खरेपणा? स्वतःची चूक धुऊन काढायची मलाच घाई झाली असेल. पण मग ती तिरकी रेघ डोळ्यांपुढं यायची. तिला एकदा जनगणनेनं गाळलं, एकदा मी गाळलं. मला सापडल्यावर पुन्हा गाळायची, तेही जाणूनबुजून, हे माझ्यानं होईना.

शनिवारी सकाळी मी पर्समध्ये कागद आणि टाके उसवायचं छोटं हत्यार टाकून तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात फक्त टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. गोधडी घडी करून टेबलावर ठेवलेली, लुसिंडा वर.

"दोन दिवस कुठं होतीस?" ती म्हणाली. "पानं पडलीत तुझ्या बाजूला."

"डोरीन, लुसिंडा तुझी नाही." असं एकदम बोलून टाकणार नव्हते मी. पण तेच आधी बाहेर आलं, आणि मग सगळंच. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, म्हणून मी कोल्बीला बाप केलं. कार्डावरचा रविकांत. पंधराव्या वर्षी गेलेला अ‍ॅबनर. जोनास, लिडिया, मृत्युपत्र. ती एकटक टेबलाकडे बघत होती.

"म्हणजे मी सात महिने एका परक्या बाईशी बोलत होते," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग होता. असायलाच हवा होता.

"हो. माझ्यामुळे."

"मग तो कोल्बी कोण?"

"कोल्बी ती आहे," मी म्हटलं. "मेहिटेबल कोल्बी. तुझ्या खापरपणजीचं माहेरचं आडनाव. तेच अ‍ॅबनरला मधलं नाव म्हणून दिलं. मग पुढं सगळ्यांना."

तिला लगेच उमगलं नाही. मी दोन रेघांचे प्रिंट तिच्यापुढं सरकवले, लग्नाची ओळ दाखवली, तिनं भिंग घेतलं आणि ओळीवरून हळूहळू सरकवत नेलं. मग भिंग ठेवून ती खुर्चीवरून उठायला लागली. मी हात द्यायला गेले तर झटकला. काउंटरवरच्या पर्समधून तिनं जुना ड्रायव्हिंग लायसन्स काढला, कधीच मुदत संपलेला, आणि डोळ्यांजवळ धरला.

"डोरीन कोल्बी रँडल," तिनं वाचलं. लग्न न केलेली बाई ती, आडनाव बदललेलंच नव्हतं. "शाळेत मुलं मला कोल्बी म्हणून चिडवायची. मुलाचं नाव आहे म्हणायची. मी आईशी भांडले होते ह्यावरून. सगळीकडे नुसतं सी. लिहिते मी. जन्मभर." तिनं लायसन्स टेबलावर ठेवला. "मी तुला म्हटलं होतं, तिचा एक चमचासुद्धा आमच्याकडे नाही."

"म्हणाली होतीस."

"माझ्याजवळच होतं ते," डोरीन म्हणाली. "एक्क्याण्णव वर्षं." मग ती रडली, आणि मीही. खूप वेळ. कॉफीचे कप पॅक झाले होते म्हणून आम्ही मापाच्या कपातून पाणी प्यायलो.

मी पर्समधून हत्यार काढलं आणि लुसिंडाच्या एलला लावलं. डोरीननं माझं मनगट धरलं. "तिला नको काढूस. त्या बाईचा पोरगा पंधरा वर्षांचा गेला. बाकीचे कुठं पांगले कुणास ठाऊक. कोण शोधतंय तिला? राहू दे माझ्याजवळ, तिची सवय झालीय मला." मी म्हटलं, मग मेहिटेबल कुठं? कोरा तुकडा एकच होता. ती म्हणाली, कपडा आण.

घरी जाऊन मी ट्रंक उघडली. जुन्या टॉवेलांखाली आईनं लग्नात दिलेली नऊवार नागपुरी सुती साडी होती, कधीच विरलेली, टाकवत नाही म्हणून इकडेही आलेली. तिच्या पदराजवळचा धडसा भाग पाहून मी हातभर तुकडा कापला. दुपारभर आणि रविवारभर मी डोरीनच्या स्वयंपाकघरात बसून अक्षरं भरली. ती शेजारी बसून मला शिकवत होती आणि टाके लांब पडताहेत म्हणून रागावत होती. नऊ अक्षरं, आणि तिच्या आग्रहावरून खाली कोल्बीची पाच. गोधडीच्या काठाला, लुसिंडाच्या शेजारी, तो गर्द लाल तुकडा जोडला तेव्हा तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"कुणाचं कापड?"

"माझ्या आईनं दिलेलं. लग्नात. त्या दिवशी सकाळपर्यंत मी प्रभा होते, संध्याकाळी शीला झाले." आणि मग तिला ताट, तांदूळ, अंगठी, जाऊबाई सगळं सांगावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "प्राबा." मी म्हटलं, प्रभा. "प्रभा," ती म्हणाली, पहिल्यापेक्षा बरं.

सोमवारी केअर होमच्या काउंटरवर एक मुलगी बसली होती. ती कार्ड बघून कॉम्प्युटरवर भरत होती. "मिडल इनिशियल सी.?" तिनं विचारलं.

"इनिशियल नाही," डोरीन व्हीलचेअरमध्ये ताठ होत म्हणाली. "पूर्ण लिही. कोल्बी. ती माझी खापरपणजी." मुलीनं मान डोलावली आणि पाच अक्षरं टाइप केली. मी काखेत गोधडी धरून उभ्याउभ्याच डोळे पुसले.

मग तिनं माझ्यापुढं भेटायला येणाऱ्यांची वही सरकवली. रेघा आखलेली साधी वही, तारीख, नाव, कुणाला भेटायला, आत आल्याची वेळ. मी पेन घेतलं आणि सवयीनं एस काढायला लागले. हात थांबला. डोरीन माझ्याकडे बघत होती.

"लिही ना," ती म्हणाली. "माझा चहा थंड होतोय." चहा अजून कुणी दिलाही नव्हता.

मी नावाच्या रकान्यात लिहिलं, शीला प्रभा हरदास पांढरीपांडे. रकान्यात मावलं नाही, शेवटची अक्षरं वेळेच्या रकान्यात गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, वेळ वरती लिहिली तरी चालेल. मी वरती दहा वाजून वीस मिनिटं लिहिलं आणि डोरीनची खुर्ची ढकलत आत गेले.